नाशिकची देवळे आणि त्यांचे दरवाजे



नाशिककरांपुढे नाशिकच्या देवळांविषयी बोलावयाचे म्हणजे घरच्या माणसाला घराचा नकाशा समजावून सांगण्यासारखे आहे. काळारामाच्या सभामंडपात आपण लहानपणी लपंडाव खेळलेले आहात. घरात कोणी मोठ्याने बोलू लागले की त्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून गप्प केलेले आहे. आणि पावसाळ्यात पूर किती चढला हे वर्तमानपत्रात वाचण्याऐवजी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, असे विचारलेले आहे. इतक्या ओळखीच्या वस्तूंबद्दल नवे काय सांगणार? परंतु ओळखीचीच वस्तू आपण सर्वांत कमी पाहतो. देवळात आपण देव पाहावयास जातो, देऊळ पाहावयास जात नाही. आज घटकाभर देवाकडे पाठ न करता देवळाकडे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि देऊळ पाहावयाचे तर ते दरवाज्यापासून पाहावयास लागले पाहिजे. कारण, मला वाटते, नाशिकच्या देवळांची सारी कहाणी शेवटी त्यांच्या दरवाज्यापाशीच येऊन थांबते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नाशिक हे पुराणप्रसिद्ध क्षेत्र. पंचवटी, सीतागुंफा, रामकुंड ही नावे ऐकली की आपल्याला वाटते, येथील देवळेही त्रेतायुगापासून उभी असतील. वस्तुस्थिती तशी नाही. क्षेत्र प्राचीन आहे, श्रद्धा प्राचीन आहे. पण आज गोदाकाठी जी मोठी दगडी मंदिरे दिसतात ती बहुतेक सर्व अठराव्या शतकातील, म्हणजे पुण्याच्या पर्वतीच्या पिढीची आहेत. शहराजवळची सर्वांत जुनी वास्तू म्हणावी तर ती पांडवलेणी. आणि ती पांडवांचीही नव्हेत व देवळेही नव्हेत. ते सातवाहन-क्षत्रपांच्या काळी कोरलेले बौद्ध भिक्षूंचे विहार व चैत्य आहेत.

मग मधल्या काळातील देवळे कोठे गेली? त्यासाठी शहराबाहेर पडले पाहिजे. सिन्नरला गोंदेश्वर आहे, अंजनेरीच्या पायथ्याशी हिंदू व जैन मंदिरांचा भग्न समूह आहे. ही अकराव्या-बाराव्या शतकांतील, यादवांच्या राजवटीतील कामे. सिन्नर ही तर यादवांची आरंभीची राजधानी. गोंदेश्वराला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री पंडित हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री; म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुरुष. त्याच्या जन्माआधी शंभर-दीडशे वर्षे उभ्या राहिलेल्या देवळांना त्याचे नाव मिळाले, ही लोकांच्या कृतज्ञतेची गंमत आहे. चुन्याशिवाय, दगडाच्या खोबणीत दगडाची कूस बसवून रचलेली प्रत्येक इमारत ‘हेमाडपंती’, असा आपला व्यवहार आहे.

गोंदेश्वर ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. एका उंच जोत्यावर मधोमध मुख्य शिवालय आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे. हे शैव पंचायतन होय. मुख्य देवळाच्या शिखराकडे पाहा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चारी अंगांना एकेक उभी पट्टी गेलेली दिसेल, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक, माळेत मणी ओवावेत तशा रचलेल्या दिसतील. वर जाताना ते मणी लहान लहान होत जातात. या रचनेला शिल्पशास्त्रात ‘भूमिज’ म्हणतात. माळव्यात आणि आपल्याकडे ती फार बहरली. अंबरनाथचे शिवमंदिर याच घराण्यातले.

यादवांचे राज्य १३१८ साली पूर्णपणे संपले. त्यानंतर सुमारे चारशे वर्षे या भागात मोठे दगडी मंदिर उभारण्याची परंपरा जवळजवळ तुटली. बहमनी, निजामशाही, मोगल अशा राजवटी आल्या आणि गेल्या. मोगलांच्या काळी नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. औरंगजेबाच्या अमदानीत येथील देवळे पाडली गेल्याची नोंद १८८३ च्या जिल्हा गॅझेटिअरात आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. देवळे बांधणे थांबले म्हणून दगड घडवणे थांबले नाही. किल्ले बांधले जात होते, पूल, हौद, मशिदी, मकबरे, वाडे बांधले जात होते. पाथरवटाचा हात चालूच होता. त्या हाताला चारशे वर्षांत एक नवी विद्या मिळाली. ती म्हणजे कमानीची आणि घुमटाची.

ही विद्या किती मोलाची आहे हे समजण्यासाठी वास्तुशास्त्रातील एक साधी गोष्ट सांगतो. दगड दाब सहन करतो, ताण सहन करीत नाही. दोन खांबांवर दगडाची आडवी तुळई टाकली तर तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो, आणि अंतर फार झाले की ती मधोमध तडकते. म्हणून यादवकालीन मंडपात खांब जवळजवळ येतात. मंडप भव्य असला तरी मोकळा वाटत नाही. छत झाकतानाही त्यांना दगडाचा एकेक थर थोडा थोडा पुढे सरकवीत मध्यावर आणावा लागे. कमानीत मात्र प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो. ताणाचा प्रश्नच उरत नाही. लहान लहान दगडांनी मोठे अंतर ओलांडता येते. चुन्याची जोड मिळाली की तिचा घुमट होतो. ही रीत आपल्याकडे प्रामुख्याने सुलतानांच्या इमारतींतून रुजली, आणि मराठ्यांच्या कारागिरांनी ती इतकी आपलीशी केली की आज देवळाची कमान पाहताना ती कोणाकडून आली हे मनातही येत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यास नाशिक पेशव्यांकडे आले आणि गावाचे जुने नाव परत प्रचारात आले. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत येथे बांधकामाचा जो झपाटा सुरू झाला त्याला तोड नाही. त्र्यंबकेश्वराचे काम नानासाहेब पेशव्यांनी हाती घेतले. गोपिकाबाईंचे अखेरचे वास्तव्य नाशिक परिसरात झाले, आणि रामकुंडाच्या दुरुस्तीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पण शहरातील मोठी देवळे उभी केली ती सरदारांनी. त्यांतील तीन आपण पाहू.

पहिले नारोशंकराचे. याचे खरे नाव रामेश्वर. पण देवापेक्षा बांधणाऱ्याचेच नाव लोकांच्या तोंडी बसले. नारो शंकर राजेबहादूर हे झाशी प्रांताचे सुभेदार. झाशीचे शहर वसविण्यात त्यांचा मोठा हात. १७४७ साली त्यांनी रामकुंडानजीक पंचवटीच्या काठावर हे शिवालय बांधले. खर्च अठरा लाख झाला, असे गॅझेटिअर सांगते. देवळाभोवती भक्कम तट, तटाच्या कोपऱ्यांवर घुमटाकार छत्र्या आणि समोरच्या बाजूला मधोमध ती सुप्रसिद्ध घंटा. पुराच्या काठावर देऊळ बांधावयाचे तर ते किल्ल्यासारखेच बांधले पाहिजे, हे या तटाकडे पाहून कळते. १९६९ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावयास नको.

त्या घंटेकडे जरा लक्ष द्या. ती धातूची ओतीव, पोर्तुगीज बनावटीची आहे आणि तिच्यावर १७२१ हा ख्रिस्ती सनाचा आकडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तेथील लुटीतून ही घंटा आली, असे परंपरा सांगते. मुळात ख्रिस्ती प्रार्थनेसाठी वाजणारी ही घंटा, आज अडीचशेहून अधिक वर्षे महादेवाच्या दारावर आहे. कोणाही कर्मठ माणसाने तिला आजवर विटाळाची म्हटलेली नाही.

दुसरे सुंदरनारायणाचे. होळकर पुलाच्या टोकाशी, नाशिकच्या बाजूला हे आहे. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दहा लाख खर्चून ते बांधले. चंद्रचूड हे मल्हारराव होळकरांचे दिवाण. वृंदेच्या शापाने काळवंडलेला विष्णू येथल्या तीर्थात न्हाऊन पुन्हा सुंदर झाला, म्हणून सुंदरनारायण, अशी कथा आहे. हे देऊळ पूर्वाभिमुख असून त्याला तीन बाजूंनी देवड्या आहेत. देवड्यांवर घुमट आहेत आणि पाकळ्यापाकळ्यांच्या महिरपी कमानी आहेत. या कमानी पाहून एखाद्या मोगल बारादरीची आठवण झाली तर ती चूक नव्हे. त्यांचे कूळ तेच आहे. वर शिखर मात्र अस्सल नागर. खाली दिल्ली आणि वर सिन्नर असे हे देऊळ आहे, आणि तरीही ते ओबडधोबड वाटत नाही. एकाच माणसाने एकाच श्वासात म्हटलेल्या वाक्यासारखे वाटते.

या देवळाबद्दल आणखी एक गोष्ट नाशिकमध्ये कौतुकाने सांगितली जाते. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट नारायणाच्या मूर्तीवर पडतात. काही भाविक याला चमत्कार म्हणतात. मला तो चमत्काराहून मोठा वाटतो, कारण तो माणसाने केलेला आहे. संपातदिनी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. देवळाचा अक्ष बरोबर पूर्व-पश्चिम असेल तर त्या दिवशी प्रकाश गाभाऱ्यापर्यंत गेलाच पाहिजे. प्रश्न आहे तो अक्ष इतका अचूक साधला कसा, हा. जुन्या शिल्पग्रंथांत त्याची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर एक शंकू रोवावयाचा. त्याला मध्य धरून वर्तुळ काढावयाचे. सकाळी शंकूच्या सावलीचे टोक आखूड होत होत वर्तुळाच्या आत शिरते तेथे एक खूण, दुपारनंतर वाढत जाऊन बाहेर पडते तेथे दुसरी खूण. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. होकायंत्र नको, दुर्बीण नको. एक काठी, एक दोरी आणि एक दिवसाचे लक्ष पुरे. आपल्या गवंड्यांजवळ हे लक्ष होते. हे देऊळ राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली असून, काळाने झिजलेल्या त्याच्या दगडांचा जीर्णोद्धार त्या विभागाने अलीकडे हाती घेतला, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता तिसरे, ज्यासाठी आज मी उभा आहे ते काळाराम मंदिर.

सरदार रंगराव ओढेकर यांनी १७८२ च्या सुमारास हे बांधले. येथे पूर्वी लाकडी देऊळ होते, आणि आक्रमणाच्या काळी मूर्ती रामकुंडात लपवून ठेवल्या होत्या, असे सांगतात. बांधकामास बारा वर्षे लागली, दोन हजार माणसे राबली, तेवीस लाख रुपये खर्च झाला, असे आकडे परंपरेने चालत आले आहेत. काळा दगड रामशेजच्या डोंगरावरून आणला. रामशेज म्हणजे तोच किल्ला, जो संभाजीराजांच्या काळी मोगलांपुढे वर्षानुवर्षे झुंजला. त्या डोंगराचा दगड रामाच्या देवळाला लागावा, ही योजना कोणा कवीला सुचली नसती.

या देवळात शिल्पांची गर्दी नाही. भिंतींवर अप्सरा नाहीत, युद्धाचे प्रसंग नाहीत. घडीव दगडाचे सपाट, स्वच्छ काम आहे. सोने असेल ते कळसावर. एखाद्या वारकऱ्याच्या पोशाखासारखी ही साधेपणाची श्रीमंती आहे. देवळाभोवती सतरा फूट उंच दगडी तट. तटाला आतून कमानींच्या ओवऱ्या, म्हणजे वाटसरूला पथारी टाकण्याची सोय. चार दिशांना चार दरवाजे. पूर्वेच्या महाद्वारावर नगारखाना. महाद्वारातून आत शिरले की समोर स्वतंत्र सभामंडप येतो. पाऊणशे फूट लांब, एकतीस फूट रुंद, आणि उंची अवघी बारा फूट. चाळीस खांब, आणि चारी बाजू मोकळ्या. त्यापलीकडे जोते चढून मुख्य मंदिर. आणि आत राम, लक्ष्मण, सीता यांच्या काळ्या पाषाणाच्या मूर्ती.

सभामंडप इतका ठेंगणा का, हा प्रश्न कोणाला पडला आहे काय? मला वाटते, त्याचे उत्तर चालून पाहिल्यावर मिळते. बाहेर चैत्राचे ऊन असते. तटाच्या दरवाज्यात क्षणभर सावली लागते. मग पुन्हा उघडे आवार. नंतर सभामंडपाचे छत डोक्याजवळ येते, चारी बाजूंनी वारा येतो, आवाज आपोआप खाली येतो. मंडपातून दास मारुती हात जोडून रामाकडे पाहत उभा आहे. त्याच्या नजरेच्या रेषेत आपली नजर लागते. मंडपातून बाहेर पडताच शिखर एकदम आभाळात चढते. ते उंच दिसावे म्हणूनच मंडप ठेंगणा. मग पायऱ्या, मग अंधार, मग समईच्या उजेडात मूर्ती. ऊन, सावली, ऊन, सावली, उंची आणि शेवटी अंधार. या क्रमाने माणसाला बाहेरच्या जगातून सोडवीत सोडवीत देवापर्यंत नेण्याची ही योजना आहे. देऊळ ही पाहण्याची वस्तू नसून चालण्याची वाट आहे, हे भारतीय मंदिरवास्तूचे मर्म काळारामात जितके सोपे करून सांगितले आहे तितके क्वचितच कोठे सांगितले असेल.

आणि म्हणूनच दरवाज्याचा प्रश्न येथे इतका तीव्र होतो. देऊळ ही वाट असेल, तर जो दरवाज्यातच अडला त्याच्यापुरते ते देऊळ बांधलेच गेले नाही. त्याला दिसतो तो फक्त सतरा फुटांचा तट.

२ मार्च १९३० हा दिवस नाशिकने विसरता कामा नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला अस्पृश्य समाजाची मोठी परिषद भरली. भाऊराव गायकवाड, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखू लागला, ते सत्याग्रह समितीचे चिटणीस. त्या दिवशी सुमारे पंधरा हजार लोकांची शिस्तबद्ध मिरवणूक काळारामाकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक तेथून वळली आणि गोदेच्या घाटावर आली. तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी देवळाच्या चारही दरवाज्यांवर जाऊन बसली.

मंडळी, या प्रसंगाचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. ओढेकरांनी चार दिशांना चार दरवाजे ठेवले ते चारी बाजूंच्या माणसांनी आत यावे म्हणून. ते चारही बंद. आणि चारही दरवाज्यांबाहेर शांतपणे बसलेली माणसे. आतल्या लोकांनाही आता बाहेर पडणे कठीण, बाहेरच्यांना आत येणे अशक्य. सुमारे महिनाभर देवळाचे दरवाजे बंद राहिले. ज्या तटाने देवाचे परक्यांपासून रक्षण करावयाचे, त्या तटाने देवालाच कोंडून ठेवले. त्याच मार्चच्या १२ तारखेस महात्मा गांधी दांडीला निघाले आणि साऱ्या देशाचे डोळे मिठाकडे लागले. नाशिकच्या दरवाज्यावर बसलेल्यांकडे पाहणारे त्या मानाने थोडे होते.

एप्रिलमध्ये रामरथाचा दिवस आला. रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढावा, अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाही. रथ घाईने पुढे नेण्यात आला. झटापट झाली, दगड पडले, माणसे जखमी झाली. रामाचा रथ ओढण्याचा अधिकार मागणाऱ्यांवर रामनवमीच्या उत्सवातच दगड पडावेत, याहून नाशिकच्या इतिहासात लाजिरवाणा प्रसंग मला आठवत नाही.

सत्याग्रह त्यानंतरही चालू राहिला. थोडाथोडका नव्हे, सुमारे पाच वर्षे. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून तो थांबविण्याचा सल्ला दिला. आपल्याला लोक मूर्तिपूजक व्हावयास हवे होते म्हणून हा लढा उभारला नव्हता, तर दबलेल्या समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्याच्यात बळ यावे म्हणून उभारला होता, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही त्यांची घोषणा झाली. काळाराम ते येवला हे अंतर फार नाही. पण पाच वर्षे दार ठोठावून जो परत फिरला त्याला ते चालावे लागले. १९५६ साली नागपूरला जे घडले त्याची वाट ज्या अनेक ठिकाणांहून गेली, त्यांतील एक ठिकाण हे महाद्वार आहे.

पुढे कायदे झाले. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. त्याच वर्षी साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी उपोषण केले होते. १९५० च्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये ती पाळणे हा देशभर गुन्हा ठरला. आज काळारामाच्या दरवाज्यात कोणी कोणाला जात विचारू शकत नाही. परंतु दरवाजे उघडले ते आतून उघडले नाहीत, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ते बाहेरून, बसलेल्यांच्या धीराने आणि नंतर कायद्याच्या बळाने उघडले.

येथे कोणी म्हणेल, व्याख्यान वास्तुशास्त्रावर होते. हे समाजशास्त्र मध्येच कोठून आले? माझे उत्तर असे की, ते मध्येच आलेले नाही. नाशिकच्या देवळांकडे पुन्हा एकदा पाहा. सुंदरनारायणाच्या देवड्यांनी मोगल महिरप घेतली. तिचे कूळ कोणी विचारले नाही. नारोशंकराने ख्रिस्ती घंटा दारावर टांगली. तिला कोणी शुद्ध करून घेतले की नाही, याची चर्चाही झाली नाही. चारशे वर्षांच्या खंडानंतर बांधणाऱ्यांनी सिन्नरचे शिखर आठवले, सुलतानांची कमान उचलली, चुना मळला, आणि या सर्वांतून एक नवी, तेजस्वी आणि पूर्णपणे मराठी शैली घडवली. म्हणजे दगडाच्या बाबतीत हे देऊळ विलक्षण उदार होते. परक्याची कमान त्याला चालली, परक्याची घंटा चालली. नाही चालला तो गावातलाच माणूस. जो रामाचे नाव घेत होता, ज्याच्या बापजाद्यांनी याच गोदेच्या काठी घाम गाळला होता, तो मात्र विटाळाचा ठरला.

इमारतीचे शास्त्र जाणणारा समाज तिचा अर्थ विसरला, तर काय होते याचे हे उदाहरण आहे. कमानीचा नियम मी मघाशी सांगितला. तीत प्रत्येक दगड शेजारच्याला आधार देतो. एकही दगड ‘हा माझ्या शेजारी नको’ असे म्हणू शकत नाही. म्हटला तर कमान कोसळते. ज्या गवंड्याने ही कमान रचली त्याला हे ठाऊक होते. त्या कमानीखालून रोज ये-जा करणाऱ्यांना ते दीडशे वर्षे समजले नाही.

खर्चाचे आकडे तुम्ही ऐकलेत. अठरा लाख, दहा लाख, तेवीस लाख. तीन देवळांचे मिळून एकावन्न लाख. त्या काळच्या रुपयाचे मोल लक्षात घेता हा पैसा अफाट आहे. तो काही गोदावरीतून निघाला नाही. माळव्यातून, बुंदेलखंडातून, मराठ्यांच्या मोहिमांतून आणि वसुलीतून तो आला. म्हणजे अखेर तेथील व येथील शेतकऱ्याच्या घामातून आला. मध्येच १७६१ चे पानिपत झाले आणि एक सबंध पिढी कापली गेली. तरी नाशिकच्या घाटावर टाकीचा आवाज थांबला नाही. सरदारांची नावे गॅझेटिअरात आली. काळारामावर बारा वर्षे राबलेल्या दोन हजारांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. पण देऊळ ज्यांच्या हातांनी उभे राहिले त्यांचे ते आहे, असा साधा न्याय लावला तर १९३० साली दरवाज्याबाहेर बसलेली माणसे काही मागावयास आली नव्हती. आपलेच होते ते पाहावयास आली होती.

आता शेवटचे. जुनी देवळे राखावयाची म्हणजे काय करावयाचे? आपण काळ्या दगडाला तैलरंग फासतो, सांध्यांत सिमेंट भरतो, पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी घालतो, खांबांना खिळे ठोकून विजेच्या तारा ओढतो. सिंहस्थ आला की हे सारे दुप्पट वेगाने होते. भक्तीच्या नावाने झालेली ही हानी कोणत्याही परचक्राच्या हानीपेक्षा कमी समजू नका. कारण पाडलेले देऊळ पुन्हा बांधता येते, पण रंगाखाली बुडालेली टाकीची रेघ परत येत नाही. दगड श्वास घेतो. त्याच्या सांध्यातल्या चुन्याला ओल बाहेर टाकता आली पाहिजे. सिमेंट ती कोंडून धरते आणि मग दगडच सुटू लागतो. तेव्हा दगडाला दगड राहू द्या, चुन्याच्या जागी चुना वापरा, आणि जाणकाराला विचारल्याशिवाय हातोडी उचलू नका, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ होईल.

पण दगड राखणे हा जीर्णोद्धाराचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा दरवाज्यापाशी आहे. उद्या सकाळी वेळ मिळाला तर आपल्या मुलानातवंडांना काळारामाला घेऊन जा. पूर्वेच्या महाद्वारात क्षणभर थांबा. रंगराव ओढेकरांनी हे बांधले, रामशेजचा दगड आणला, बारा वर्षे लागली, हे त्यांना सांगा. आणि त्याच दमात हेही सांगा की, या उंबरठ्याबाहेर १९३० साली माणसे बसली होती, त्यांत पंचवीस बायका होत्या, आणि त्यांना आत घेतले नाही. पहिली गोष्ट सांगून दुसरी गाळली तर मुले अभिमान शिकतील, इतिहास शिकणार नाहीत. दुसरी सांगून पहिली गाळली तर एका सुंदर वास्तूला ती कायमची मुकतील. दोन्ही सांगितल्या, तर कदाचित पुढच्या पिढीला असे देऊळ बांधता येईल की ज्याच्या दरवाज्याची गोष्ट कोणाला खाली मान घालून सांगावी लागणार नाही.